हौसाची धार

गावाच्या वेशीजवळच्या कातळावर कुणीतरी पांढऱ्या रंगानं बाण काढलाय आणि खाली लिहिलंय, ‘हौसाची धार’. अक्षर झकास आहे. एवढं झकास अक्षर काढायची काही गरज नव्हती, असं मला वाटलं.

मालक जाऊन वर्ष झालं. मी आता संगमनेरला लेकाकडे असते. उन्हाळ्यात घर झाडून-सारवून घ्यावं, चार दिवस डोंगराचं वारं खावं म्हणून गावी आले. पिशवी हातात घेऊन त्या कातळासमोर उभी राहिले आणि ते नाव दोनदा वाचलं. मला वाटलं होतं, माणूस म्हातारं झालं की त्याचा मत्सरही म्हातारा होत असेल, त्याचे दात पडत असतील. कुठलं काय! माझे गुडघे गेले, पण तो अजून खणखणीत आहे.

हौसा म्हणजे माझी सवत. मी तिला कधी पाहिलेलं नाही. मी या घरात यायच्या आधीच ती गेली होती. पण आमच्याकडे दुसरेपणावर आलेल्या बाईला पहिलीला गळ्यात घेऊनच संसार करावा लागतो. रुपयाएवढा चांदीचा टाक, त्यावर ठशानं उठवलेली एक बाई. डोळे म्हणून दोन ठिपके, तोंड म्हणून एक रेघ. माझ्या लग्नात मंगळसूत्राच्या जोडीनं काळ्या दोऱ्यात ओवून तो माझ्या गळ्यात पडला. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. हळद-कुंकू आधी तिला. पहिला घास, रोजचा असो की सणाचा, तिला. पोळी गरम असायची तिच्यासाठी; माझ्यापर्यंत येईतो ती निवलेली असायची.

माझं लग्न दुष्काळात झालं. आमच्या मिरजगावच्या माळावर तेव्हा एकच आवाज होता, खडी फोडण्याचा. बायका, पोरी, म्हातारे, सगळे सरकारी दुष्काळी कामावर दगड फोडायला बसलेले. दुपारी सगळ्यांना वाटायला सुकडी शिजायची, तिचा गोडसर वास धुळीत मिसळून अंगालाच चिकटायचा. हळद लागली तेव्हा माझ्या नखांत खडीचा भुगा होता. स्थळ इतक्या लांबून, पार अकोल्याच्या डोंगरातून कसं आलं, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मिरजगावला पाहुणा यायचा असला की तासभर आधी तो माळावर ठिपका होऊन दिसतो. इथं माणूस अंगावर येईपर्यंत दिसत नाही. जिकडे बघावं तिकडे डोंगर, आणि प्रत्येक डोंगराआड हौसा.

घरासमोरच दोन शिखरं होती. एकीला म्हणत थोरली, दुसरीला धाकली. माझ्या नशिबात डोंगरही तसलेच. दोघींच्या मध्ये एक अरुंद धार, भिंतीच्या माथ्यासारखी, दोन्ही अंगांना खोल दरी. तिला तेव्हा नुसतं धार म्हणायचे. धारेच्या पलीकडे हौसाच्या माहेरची वाडी.

“हौसा गं, शेळीवानी जायची धारेवरनं,” आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगायच्या. “सकाळच्या भाकरी टाकून निगायची, सांजच्याला म्हायेरची करवंदं घिऊन हजर. पदर म्हनून ढळायचा न्हाई.”

“मी पन जाईन की,” मी एकदा म्हणाले.

“तू?” त्या हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं. “तू बस बाय सावलीला. सपाटीची मानसं तुमी. पाय मुरगाळून घेशील आन मला घालशील कामाला.”

मालक बोलायचे कमी. धरणावर कामाला जायचे, येताना अंगाला गाळाचा आणि विडीचा वास. माझ्याशी कधी वाकडं वागले नाहीत. नवऱ्यात खोट काढायला जागा नसली की बायकोनं जळायचं तरी कशावर! पण संध्याकाळी हातपाय धुतले की ते ओट्यावर उभे राहायचे आणि धारेकडे बघत बसायचे. ऊन थोरलीवरून उतरायचं, मग धाकलीवरून, शेवटी धारेवर एक तांबूस रेघ उरायची. ती विझेपर्यंत ते हलत नसत. मी चहा घेऊन मागे उभी.

“काय बगताय?”

“काई न्हाई. वारं बगतोय.”

वारं कधी कुणाला दिसलंय? मला सगळं समजत होतं. ते तिला बघायचे. करवंदांचा द्रोण घेऊन शेळीसारखी उतरणारी ती त्यांना दिसायची, आणि माझ्या हातातला चहा थंड व्हायचा. मी गोरी होते, रांधायला बरी होते, ओव्या म्हणायला चांगली होते. पण धारेवरून चालत येणाऱ्या मेलेल्या बाईपुढे जिवंत बाईनं करावं तरी काय?

एका सकाळी आत्याबाई राजूरच्या बाजाराला गेल्या, मालक धरणावर गेले, आणि मी दाराला कडी घातली. भाकरी आणि कांदा फडक्यात बांधला, मालकांची पाण्याची बाटली घेतली. अंगावर आत्याबाईंनी मला दिलेलं लुगडं होतं, हिरवं, तांबड्या काठाचं. तेही हौसाचंच. दुष्काळात माहेरून मला दुसरं कुठलं येणार? माझ्या मनात बेत एकच होता. धारेवरून जायचं, पलीकडच्या वाडीत हौसाच्या आईला गाठायचं, आणि टाक तिच्या ओटीत टाकून म्हणायचं, घ्या तुमची लेक. मग मी मोकळ्या गळ्यानं घरी येईन. मग घरात बायको एकच असेल.

ती सकाळ मला अजून वासानं आठवते. भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजलेले, त्यांची गार राख. जाळ्यांमध्ये पिकलेली करवंदं, त्यांचा चीक बोटांना चिकटायचा. वर चढत गेलं की हिरड्याची झाडं, त्यांच्याखाली तुरट सावली. मग कारवीचं रान लागलं. वाळलेली कारवी अंगाला घासली की कागद फाडल्यासारखा आवाज येतो. मला सारखं वाटायचं, मागून कुणी येतंय. वळून बघितलं तर कुणी नाही. टाक मात्र प्रत्येक पावलाला छातीवर टकटक करत होता.

थोरलीच्या माथ्यावर शेंदूर फासलेले दगड होते, दोन-तीन फुटक्या बांगड्या, वाळलेली फुलं. मी पाया पडले आणि आधी काय केलं असेल, तर मिरजगाव शोधलं. उगवतीकडे, दक्षिणेकडे, डोळ्यांवर हात धरून. सगळा मुलूख धुरकट, रंग उडालेल्या धोतरासारखा. खाली धरणाचं पाणी आटून मध्यावर गेलेलं, काठाला सुकलेल्या चिखलाची वळी. त्या धुरकटात कुठंतरी माझी आई खडी फोडत असेल आणि मी इथं वर, सवतीचं लुगडं नेसून उभी. मला एकदम रडू आलं. रडून झाल्यावर नाक पुसलं आणि धारेकडे निघाले.

धार खालून दिसते तशी नाही. खालून ती रेघ वाटते. वर गेल्यावर कळतं की ती रेघच आहे. एका माणसाला जेमतेम पुरेल एवढी वाट, तीही मुरमाची. डावीकडे दरी, उजवीकडे दरी, आणि डावीकडच्या दरीतलं वारं उजवीकडे ढकलायला टपलेलं. चार पावलं टाकली आणि मी खाली बसले, रांगणाऱ्या पोरासारखी दोन्ही हात टेकून. सपाटीची मी. आयुष्यात माळावरून पडायची भीती मला कधी वाटली नव्हती.

आणि तेवढ्यात वाऱ्यानं टाक उचलला. तो दोऱ्यासकट माझ्यासमोर तरंगायला लागला, जणू ती म्हणत होती, चल, मी होते पुढे.

मला असा काही राग आला! भीतीबिती सगळी जळून गेली. “हितंबी तूच म्होरं?” मी मोठ्यानं म्हणाले. “आज न्हाई गं बाय.” दोरा धरून फिरवला आणि टाक पाठीवर टाकला. पदर खोचला, उभी राहिले आणि चालायला लागले. ती मागे, मी पुढे. दगड खाली गडगडत जायचे, त्यांचा आवाज फार उशिरा यायचा. मध्यावर असताना खालून दरीतून कुणीतरी कुकारा घातला, मग आणखी कुणी. गुराखी असावेत. मी खाली बघितलं नाही. बघितलं असतं तर आज हे सांगायला राहिले नसते.

धाकलीवर पाय लागला आणि मी हसत सुटले. एकटी बाई डोंगराच्या टोकावर खदखदा हसतेय, कुणी पाहिलं असतं तर झाड लागलं, भुतानं धरलं म्हणालं असतं. तिथंच खडकाला टेकून भाकरी सोडली. पहिला घास मी खाल्ला. लग्न झाल्यापासून तो माझा पहिला पहिला घास. शिळी भाकरी, कांदा, वर ऊन आणि खाली घिरट्या घालणारी घार. तसं जेवण पुन्हा कधी जेवले नाही. घारीला वरून बघायचं सुख ज्यानं घेतलंय त्यालाच कळेल मी काय म्हणते ते.

वाडीत उतरले तेव्हा हौसाची आई अंगणात बाळहिरडा वाळत घालत होती. लहानखुरी म्हातारी, हात हिरड्यानं काळे झालेले. मी कोण ते सांगितलं. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, गळ्याकडे बघितलं. गळ्यात टाक दिसेना, तशी तिची नजर कावरीबावरी झाली. मी टाक पाठीवरून पुढे घेतला.

“आलीस व्हय गं हौसे,” म्हातारी म्हणाली.

ती उठली, हात धुतले, आतून कुंकू आणि गूळपाणी घेऊन आली. आधी टाकाला कुंकू, मग मला. आधी टाकाला गुळाचा खडा, मग मला. एवढा डोंगर तुडवून आले मी, टाचा फुटल्या माझ्या, आणि पाणी आधी तिला! मी दात-ओठ खात बसून राहिले.

“कंच्या वाटंनं आनलीस तिला?” म्हातारीनं विचारलं.

“धारेवरनं,” मी म्हणाले. जरा तोऱ्यातच म्हणाले.

म्हातारीनं तोंडावर हात मारला. “अगं बया! धारेवरनं? पोर भ्याली आसंल की गं माजी!” आणि ती टाकावरून बोट फिरवायला लागली, पोराच्या पाठीवरून फिरवावं तसं.

मला काही कळेना. “भ्याली? त्या तर शेळीवानी जायच्या म्हनत्यात.”

“कोन, हौसा? न्हाई गं माय. ल्हानपनापास्न धारेला लई भ्यायची ती. कदी पाऊल ठिवलं न्हाई. डोंगराच्या खालच्या पदरानं यायची, समदा येढा घालून. हितं आली की निस्ती धापा टाकायची.”

“मंग घरी समद्यांना...”

“तीच सांगायची तसं. जावयाला ह्या धारेचं लई येड. लगीन ठरलं तवा त्यानं इचारलं, धारेवरनं येशील का? ही व्हय म्हनली. एकदा व्हय म्हनलं की मंग रोजच व्हय.” म्हातारी हसली, मग डोळे पुसले. “त्याला सांगू नगं बाय. गेलेल्या मानसाचं तेवडंच असतं.”

मी ज्या कामाला आले होते ते करून टाकलं. दोरा मानेवरून काढला आणि टाक तिच्या हातावर ठेवला. म्हणाले, “हिला तुमच्यापाशी ठिवायला आले हुते.”

म्हातारीनं बराच वेळ त्या चांदीच्या तोंडाकडे बघितलं. मुका घेतला. मग स्वतःच्या हातानं दोरा परत माझ्या गळ्यात घातला. “मी आज हाय, उंद्या न्हाई. मंग पैला घास कोन दिल तिला? तूच न्हवं का तिचं मानूस?”

मी उठले. सवतीचं माणूस! असलं नातं कुणावर येऊ नये.

परतताना मी पदराची वाट धरली, डोंगराच्या कमरेभोवतीची, झाडीतली, सावलीची. तिची वाट. म्हटलं, इथं हिचा मान. टाक पुढेच राहू दे. वाट खरंच लांब होती. वळणावळणावर बसायला सपाट दगड होते, आणि एका दगडाशेजारी करवंदीची भली मोठी जाळी. इथं बसून ती द्रोण भरत असणार आणि घरी जाऊन काय काय सांगायचं ते जुळवत असणार, वारं कसं होतं, दरी किती खोल दिसली. ती दरीला घाबरून खोटं बोलली, मी दरीवरून चालून आले. दोघींना हवं होतं एकच. संध्याकाळी ओट्यावरच्या माणसानं धारेकडे न बघता आपल्याकडे बघावं. तिच्याकडेही तो तेव्हा बघत नसेल, तिच्यातून धारेकडेच बघत असेल, असं माझ्या मनात आलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

गावात शिरले तर ही गर्दी. आमच्या अंगणात बायका, गडी, गुराखी. आत्याबाई बाजाराची पाटी तशीच टाकून ओट्यावर बसलेल्या.

“हौसा दिसली धारेवर!” एक गुराखी हातवारे करून सांगत होता. “ह्या डोळ्यांनी बगितली. हिरवं लुगडं, तांबडे काठ. आमी कुकारा घातला, तर वळली बी न्हाई. सरळ गेली म्हायेराच्या अंगाला.”

मी पुढे झाले. अंगावर तेच हिरवं लुगडं, कारवीनं ओरबाडलेले हात, मुरमानं भरलेले पाय. “मी हुते ती,” मी म्हणाले.

आत्याबाई उठल्या, मला खालपासून वरपर्यंत बघितलं, लुगड्याचा काठ हातात घेतला, टाकाला हात लावला. मला वाटलं, आता शाबासकी देतील. त्यांनी हात जोडले, पण मला नाही, टाकाला.

“तिचं लुगडं, तिचा टाक,” त्या म्हणाल्या. “तू गेली न्हाईस पोरी, तिनं नेली तुला. सपाटीचं मानूस न्हाईतर धारेवर टिकतंय व्हय? तिनंच हात धरला तुजा!”

बायकांनी माना डोलावल्या. कुणीतरी नारळ आणला. त्या संध्याकाळी आमच्या घरात हौसाला पुरणाचा नैवेद्य झाला आणि पुरण मी वाटलं, दुखत्या हातांनी.

ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. तुमची हौसा धारेला भ्यायची. एवढंच. ओट्यावर गेले तर मालक उभे. धारेवरची तांबूस रेघ विझत आलेली. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं.

“वारं हुतं का लई?” त्यांनी विचारलं.

“हुतं.”

“हौसाबी म्हनायची, मदी मदी लई वारं असतं,” ते म्हणाले आणि परत तिकडेच बघायला लागले.

त्या दिवसापासून धारेचं नाव हौसाची धार झालं. आधी गुराख्यांच्या तोंडी, मग वाटसरूंच्या, आता कातळावर. ते वाक्य मी जिभेवर घेऊनच संसार केला, दोन लेकरं वाढवली. चांगुलपणा वगैरे काही समजू नका. एकदा सांगून टाकलं असतं तर माझ्यापाशी राहिलं काय असतं? तिचं बाकी सगळं सगळ्यांना ठाऊक होतं. तिची भीती तेवढी माझ्या एकटीची होती. पुढे म्हातारी गेली, आत्याबाई गेल्या. मालक अंथरुणाला खिळले तेव्हा खाटेवरून धार दिसावी म्हणून मीच खाट दाराशी ओढली. एका संध्याकाळी ते म्हणाले, “हौसावानी धारेवरनं कुनी चाललं न्हाई.” मी म्हणाले, “न्हाईच.” पाणी पाजलं, तोंड पुसलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन तांब्या असा आपटला की त्याला पोचा आला. तो तांब्या अजून आहे.

आता ते तिच्याकडे गेले. माझ्या आधी तिला मिळाले होते, आणि आता परत माझ्या आधी तिलाच. मंगळसूत्र उतरवलं तेव्हा सुनेनं विचारलं, टाक देव्हाऱ्यात ठेवू का? मी म्हटलं, राहू दे गळ्यात. तिकडे दोघं काय करतात ते करोत, निदान अर्धी हौसा तरी माझ्या नजरेखाली.

आज सकाळी त्या कातळापाशी बसले होते तर पोरापोरींचा एक जथा आला. पाठीवर थैल्या, डोक्यावर टोप्या, हातात दोर. बरोबर गावातलाच एक वाटाड्या. बाणापाशी थांबून तो त्यांना सांगायला लागला, “हिला हौसाची धार म्हणतात. पूर्वी हौसा नावाची एक बाई ह्या धारेवरून माहेरी जायची. दोर न्हाई, काई न्हाई. मेल्यावर सुदिक लोकांनी तिला धारेवर चालताना बघितलीय.”

“बापरे,” त्यातली एक पोरगी म्हणाली. उन्हानं लाल झालेली, धारेकडे बघून जरा भेदरलेली. मी जवळच बसलेली बघून तिनं मला विचारलं, “आजी, खरंच का हो? त्या एकट्या जायच्या तिथून?”

वारं सुटलं होतं. राबाची राख, करवंदं, सगळे वास जागच्या जागी होते. माझा हात गळ्याकडे गेला. ते जुनं वाक्य अगदी ओठांशी आलं. आता ऐकून दुखावणारं कुणी उरलं नव्हतं. टाकाच्या तोंडाची ती रेघ आता झिजून दिसेनाशी झालीय.

“एकटी न्हाई गं,” मी म्हणाले. “दोगी हुतो. म्होरं मी हुते.”